जयताळ्याला गेलेलं प्रस्थान

आमच्या सूनबाईला वेळ उलटी मोजायची सवय आहे. तुम्ही-आम्ही कसं, सकाळी सहाला निघू, मग जेव्हा पोचू तेव्हा पोचू. ती तसं करत नाही. वाटेत सगळ्यात जास्त अडायची जागा कोणती ते ती आधी शोधते. तिथं किती वाजता असलं तर गर्दी लागणार नाही ते ठरवते, आणि मग तिथून मागे मागे मोजत आमच्या नागपुरातल्या नंदनवनच्या घराच्या फाटकापर्यंत येते. लग्न होऊन आली तेव्हा मला हे फार विचित्र वाटायचं. नंतर एकदा लक्षात आलं, अरे, मीसुद्धा पुरणाचा स्वयंपाक असाच करते की. पंगत बाराला बसायची तर डाळ कधी शिजायला पाहिजे, कणीक कधी भिजायला पाहिजे. फक्त मला ते चुलीपुरतं येतं, आणि तिला सातशे किलोमीटरपर्यंत.

ती उमरेडची. तिचे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, उमरेड-नागपूर गाडीवर त्यांचं आयुष्य गेलं. ती आता मिहानमधल्या एका कंपनीत आहे आणि तिथं शिफ्टच्या लोकांना आणायच्या-सोडायच्या गाड्या लावायचं काम तिच्याकडेच आहे. म्हणजे घरूनही तेच आणि नोकरीतही तेच.

त्या वर्षी भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी पुण्याहून ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, ब्याऐंशीची. म्हणाली, "माझं ठरलं. रविवारी रात्रीचं विमान. मुलाकडे चालले." मी म्हटलं, किती महिन्यांसाठी? तर म्हणाली, "फ्लॅट विकला गं." ब्याऐंशीव्या वर्षी घर विकून साता समुद्रापलीकडे गेलेलं माणूस काही पुन्हा सुट्टीला येत नाही. तिलाही ते ठाऊक होतं, मलाही. आम्ही दोघींनी मग लोणच्याच्या बरण्यांचं काय केलं, या विषयावर अर्धा तास काढला.

फोन ठेवला आणि मी घरात जाहीर केलं, मला ताईला भेटायचं आहे. बस.

आता सणाचे दिवस, रेल्वेची तिकिटं तर नावाला नाहीत. माझ्या कानाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी मला विमान मना केलेलं. मुलगा मौद्याच्या वीज केंद्रात, त्याची रविवारी ड्यूटी. यजमानांचे गुडघे एवढा वेळ गाडीत दुमडून राहत नाहीत. मी पाहतच राहिले सगळ्यांकडे. सून भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "मी नेते नं आईले. शनिवारी मले सुट्टी नाही. रविवारी नेते, सोमवारची रजा टाकते."

यजमान म्हणाले, "एवढ्या लांब? एकटी चालवशील?"

"एकटी कशी बाबा, आई आहेत नं सोबत."

"तिचा काय उपयोग? ती वर्धा यायच्या आधी झोपते."

"म्हणूनच म्हटलं, त्रास नाही काही."

दोघंही हसले. मी नाही हसले. मी मनात रविवार मोजत होते.

त्याच रात्री तिने आखणी केली. ताईची टॅक्सी चारला निघणार होती मुंबईच्या विमानतळाकडे. विमान रात्री एकचं, पण रविवारी संध्याकाळी घाटात मैल मैल गाड्या अडतात म्हणून तिला न्यायला आलेल्या तिच्या मुलाने, माझ्या भाच्याने, चारची वेळ धरली होती. सून म्हणाली, मग आपण दोनला पुण्यात पाहिजे, म्हणजे दोन तास बसता येईल. आणि अडायची जागा म्हणजे शिक्रापूर ते वाघोली. ऑफिसातल्या एकाचा भाऊ कळमन्याहून संत्र्याचा ट्रक नेतो, त्याला तिने फोन लावला होता. तो म्हणाला, सुट्टी संपायच्या रविवारी देवदर्शनाला गेलेली सगळी पुण्याची माणसं दुपारी दोननंतर त्या रस्त्याने परततात, मग गाडी हलत नाही. म्हणजे शिक्रापूरला एकच्या आत. म्हणजे अहिल्यानगर साडेअकरा. समृद्धी महामार्ग सोडायचा सव्वानवाला. वाटेत वीस वीस मिनिटांचे दोन थांबे. असं करत करत ती फाटकापर्यंत आली. "पहाटे चारला गाडी रस्त्यावर पाहिजे आई. सव्वाचार नाही."

यजमान रेल्वेला दोन तास आधी स्टेशनवर जाऊन बसणारे गृहस्थ. तेसुद्धा म्हणाले, "बापा, हे तर माझ्याहून पुढचं आहे."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. माझी अडचण निराळीच होती. रविवारी पश्चिमेला निघत नाहीत. शुक्रवारी आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूळ असतो, हे मी आईच्या तोंडून ऐकलेलं, आणि पुणं काही पूर्वेला सरकणार नव्हतं. आता यावर आपल्या लोकांनी उपाय करून ठेवला आहे, प्रस्थान. ज्या दिवशी निघायला चालतं त्या दिवशी आपली एक पुरचुंडी निघायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. पुरचुंडी निघाली म्हणजे आपण निघालो. दुसऱ्या दिवशी जाताना ती उचलायची आणि पुढे जायचं. मात्र एकदा बाहेर पडलेलं प्रस्थान परत घरात आणायचं नाही.

मी सुनेला भीतभीत सांगितलं. वाटलं, ही ऑफिसात जाणारी मुलगी, हसेल. ती म्हणाली, "किती मिनिटं लागतील उचलायले?" मी म्हटलं, पश्चिमेची शेजारीण, भिंतीला भिंत. पहाटे साडेतीनला उठतेच ती. दोन मिनिटं. तिने कागदावर दोन मिनिटं धरली. खरं सांगते, मला तिचं तेव्हाच फार कौतुक वाटलं. तिने माझ्या दिशाशुळाला गर्दीच्या शेजारी बसवलं. गर्दी टाळायची, तसाच हाही टाळायचा, त्यात वाद काय घालायचा.

शनिवारी संध्याकाळी मी पुरचुंडी बांधली. सुनेच्याच माहेरचं, उमरेडच्या मागावर विणलेलं माझं सुती पातळ, हळद लावलेले मूठभर तांदूळ, सुपारी. आणि माझी आई म्हणायची, प्रस्थानात नुसतं वस्त्र ठेवून भागत नाही, ज्याच्यावाचून आपलं अडेल असं काहीतरी ठेवावं. म्हणून मी माझ्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांचा डबाही त्यात घातला आणि पुरचुंडी शेजारणीकडे नेऊन ठेवली. इथे मी चुकले. पण तेव्हा मला आपण फार शास्त्रशुद्ध वागतोय असं वाटत होतं.

रविवारी पहाटे चारला पाच कमी असताना गाडी फाटकाबाहेर. मी शेजारणीच्या दाराशी गेले. दाराला कुलूप.

फोन लावला. तिसऱ्या वेळी उचलला. "अवं, मी लेकीकडे आली न रात्री, जयताळ्याले. नातवाले बरं नाही म्हणे. चिंता नको करू, तुझं प्रस्थान मी घरात नाही सोडलं हो. सोबतच आणलं. आणखी पश्चिमेले आलं नं ते! तुझी तर सोयच झाली, वाटेतच पडते तुमच्या."

नंदनवनहून समृद्धीला लागायचं तर जयताळा काही वाटेवर नाही. पण शेजारणीच्या हिशेबात पश्चिमेला जे जे आहे ते सगळं वाटेवर. आणि तिला काय बोलणार? तिने माझ्या पुरचुंडीचा मुक्काम आपणहून चार-सहा मैल पुढे नेला होता. मनाने किती चांगली.

मी सुनेकडे पाहिलं. गोळ्यांशिवाय मला नेणं तिला शक्य नव्हतं आणि दुसऱ्या गोळ्या त्या वेळी कुठून आणणार? तिने गाडी चालू केली. "पत्ता विचारून घ्या आई," एवढंच.

जयताळ्याला ती गल्ली सापडेना. सापडली तर पुढे रस्ता खोदलेला, पलीकडून वळसा. पोचलो तर दारात शेजारीण निरांजन घेऊन उभी, आत तिच्या लेकीने उपमा केलेला. "प्रस्थान रिकाम्या पोटी उचलते का कोणी? बसा." आमच्याकडे असं बोलावलं की दारातून परत फिरता येत नाही. फिरलात तर जन्मभर ऐकावं लागतं. मी बसले. सुनेने उभ्याने चहा घेतला, मग तिलाही बशी हातात दिली गेली. शेजारीण तिच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती, ही मान डोलवत घास घेत होती. मला एकेक घास दगडासारखा.

गाडी समृद्धीला लागली तेव्हा आम्हाला एक तास दहा मिनिटं उशीर झाला होता. ही एक तास दहा मिनिटं माझी होती, पूर्णपणे माझी. सून काहीही बोलली नाही. सुनेने न बोलणं म्हणजे काय ते सासवांना विचारा. वर्धा आलं, मी टक्क जागी. उजाडलं. मागून सूर्य आला, पुढे तो सरळ रिकामा रस्ता, आणि मी मांडीवर पुरचुंडी घेऊन बसलेली. शेवटी राहवेना. म्हटलं, "थोडी जोरात नाही का नेता येत? बाकीच्या पाहा कशा जाऊन राहिल्या."

"जाऊ द्या त्यांना."

"अवं, पण ताई निघून जाईल नं."

"आई, माझे बाबा म्हणत, गेलेला वेळ रस्त्यावर पडलेला नसते, की उचलून घेतला. ड्रायव्हरने तो शोधत नाही फिरायचं. मले विचार करू द्या जरा."

मग मला कळलं की ती गप्प रागाने नव्हती. ती मोजत होती.

पहिला थांबा तिने ठरल्याप्रमाणे वीस मिनिटांचा घेतला, एक मिनिट कमी नाही. मला वाटलं, हा तरी टाळायचा! पण ती शांतपणे पाय मोकळे करून, डोळ्यांवर पाणी मारून आली. जालन्याच्या अलीकडे दुसरा थांबा. तिथं पेट्रोल पंपाच्या सावलीत तिने दोन-तीन फोन केले आणि मग माझ्या खिडकीशी आली.

"आई, आता असं आहे. शिक्रापूरले आपण दोन-सव्वादोनले पोचतो. म्हणजे नेमकं गर्दीच्या तोंडात. साडेचारच्या आधी पुण्यात घर नाही."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "म्हणजे गेली."

"थांबा नं. मावशींचं विमान एकचं आहे. मग त्या चारले काहून निघतात?"

"घाटात अडकतील म्हणून. सांगितलं नं तुले."

"म्हणजे त्यांनीपण भीतीपोटी वेळ वाढवून धरला. मी आत्ता दादांना, मावशींच्या मुलाले, विचारलं. ते म्हणाले, विमानतळावर दहाले पोचलं तरी पुरे, आम्ही लवकर जाऊन बसणार. म्हणजे दीड-दोन तास त्या नुसत्या खुर्चीवर बसणार आहेत. ते दीड तास आपण घेऊ."

मला काही उमजेना.

"आपण मावशींच्या घराले पोचायले पाहून राहिलो. पण मावशी घरी राहतच नाहीत नं आज. त्या रस्त्यावर आहेत, आपणही रस्त्यावर आहोत. पुण्याचं वळण घ्यायचंच नाही. ह्याच रस्त्याने सरळ शेवटपर्यंत, दोनपर्यंत भिवंडीच्या अलीकडे. तिथून पनवेल. चारले आपण पनवेलात बसलो असू. त्यांची गाडी सहा-साडेसहाले तिथूनच जाते."

एवढी वर्षं मी माणसं भेटवते, लग्नं जमवते, पण माणूस घरातून निघालं की ते गेलं, असंच समजत आले. वाटेवरचं माणूसही भेटू शकतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते तिला सुचलं. रोज रात्रंदिवस पन्नास बायका-पुरुषांना वेगवेगळ्या चौकांतून उचलून एका फाटकाशी आणणाऱ्या बाईला ते सुचणारच.

पुढचा रस्ता तिने तसाच नेला. घाई नाही, रेंगाळणं नाही. डोंगर सुरू झाले, लांबच लांब बोगदे आले. मधे जेवण झालं. मी गोळी घेतली, ती पुरचुंडीतून काढताना मला लाज वाटली. यजमानांचा फोन आला, "कुठपर्यंत आल्या?" मी म्हटलं, पुण्याला नाही जात, पनवेलला जातोय. तर म्हणाले, "रस्ता चुकल्या का वं?" "नाही हो," मी म्हटलं, "आत्ताच सापडला."

चारला दहा कमी असताना आम्ही पनवेलात होतो. तिने महामार्ग सोडून थोडं आत एक साधं हॉटेल निवडलं, जिन्याच्या पायऱ्या नसलेलं, कारण ताईला पायऱ्या चढवत नाहीत. कोपऱ्यातलं टेबल धरलं. वेटरला सांगितलं, आम्ही साडेसातपर्यंत बसणार, दर अर्ध्या तासाने काहीतरी मागवू, उठवू नका. मग ती गाडीत जाऊन दीड तास झोपली. आखून झोपली. मी दाराकडे तोंड करून बसले.

सहा वाजून दहा मिनिटांनी टॅक्सी थांबली. भाच्याने हात धरून ताईला उतरवलं. किती बारीक झालेली. नवे कोरे बूट, परदेशी थंडीचे, आणि त्यावर नऊवारीतून पाचवारीत कधीच गेलेली माझी बहीण. मला पाहून तिथेच उभी राहिली. चाळीस वर्षं पुण्यात राहून तिची बोली पार बदलून गेली होती, पण तोंड उघडलं आणि म्हणाली, "काहून वं, माझ्या घरी येतो म्हणे, अन् मलेच इथं बोलावलं?"

"तुझं घरच इथं घेऊन आली असती, पण तुझ्या फ्लॅटले चाकं नाहीत," मी म्हटलं.

मग बसलो. काय बोललो म्हणाल तर काही नाही. तिने इडली मागवली आणि नुसतं सांबार प्यायली. माझं वजन वाढलं म्हणाली. लोणच्याची एक बरणी तिने खरंच पिशवीतून काढली आणि माझ्यासमोर ठेवली, पुणं सोडताना तेवढी कोणाला द्यावीशी वाटली नाही म्हणे. मी तिचा हात धरून ठेवला होता, तिने सोडवून घेतला नाही.

मग तिचं लक्ष माझ्या मांडीवरच्या पुरचुंडीकडे गेलं. "हे काय वं, प्रस्थान?"

मी तिला सगळं सांगितलं, जयताळ्यासकट. ती इतकी हसली की भाचा घाबरून उठला. हसता हसता एकदम थांबली. म्हणाली, "मीही रविवारीच पश्चिमेला चाललेय. मला सकाळपासून आठवतंय ते. पण ठेवणार कोणाकडे? बारा मजले आमचे. पश्चिमेला कोण राहतं तेच मला माहीत नाही."

मी काही विचार केला नाही. गोळ्यांचा डबा काढून घेतला, गाठ पुन्हा बांधली आणि पुरचुंडी तिच्या मांडीवर ठेवली. "हे शनिवारचं निघालेलं आहे. पश्चिमेलेच. माझं काय, मी तर पोचली. आता तू ने."

भाचा हळूच म्हणाला, "मावशी, पातळ, सुपारी चालेल. तांदूळ तिकडे उतरू देणार नाहीत."

ताईने गाठ सोडली. हळदीचे तांदूळ अर्धे माझ्या पदराला बांधले आणि अर्धे सुनेच्या ओंजळीत दिले. सून वाकून नमस्कार करायला लागली. ताई तिला म्हणाली, "पोरी, तुझ्या बापाने गाडी चांगली चालवली असेल. त्याचा हात आहे तुझ्यात." उरलेली पुरचुंडी तिने कोटाच्या आत, छातीशी ठेवली.

साडेसातला टॅक्सी निघाली. ताईने मागे पाहिलं नाही, आमच्याकडे निघताना मागे पाहत नाहीत. काचेवर आतून हात ठेवलेला मात्र लाल दिवे वळेपर्यंत दिसत होता.

मी खूप वेळ तशीच उभी. सूनबाईने तेवढा वेळ दिला, मग गाडीचं दार उघडलं. मी म्हटलं, आता कुठे जातेस, दमली आहेस, इथंच रात्र काढू, सकाळी निघू.

"इथं नको आई. उद्या सोमवार. सकाळी कल्याण-भिवंडीले नोकरीवाल्यांची गर्दी," ती पट्टा लावत म्हणाली. "अन् सोमवारी पूर्वेले चालत नाही नं? दिशाशूळ. आजच इगतपुरीपर्यंत जाऊन थांबू, म्हणजे निघणं रविवारचं झालं. उद्या नुसतं पुढे जायचं."

मी थक्क. "हे तुले कोणी सांगितलं वं?"

"काकूंनी. जयताळ्याले, उपमा खाता खाता. त्या वेळेचं काहीतरी वसूल व्हायले नको?"

मी पदराची तांदळांची गाठ चाचपली, लोणच्याची बरणी दोन्ही पायांत धरली, आणि गाडी पूर्वेला वळली.